चवथीचं जेवण: काशाची ताटं, डिनर सेट की कागदी प्लेटी?

पर्वरीची_सून
नमस्कार मंडळी. माहेर सातारा, लग्नाला अकरा वर्षं झाली, राहतो गोव्यात, पर्वरीला फ्लॅटमध्ये. गणपती मात्र सासरच्या मूळ घरी, फोंड्याकडच्या गावात. दीड दिवसाचा. पहिल्या दिवशी घरची चौदा माणसं असतात, ते निभतं. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. नव्याच्या पंचमीला यंदा 32 पानं आहेत.

घरात काय काय आहे ते सांगते. सासूबाईंच्या सासूबाईंची काशाची 12 ताटं. रोजची स्टीलची दहा-बारा, एकाचाही मेळ दुसऱ्याशी नाही. आणि काचेच्या कपाटात 24 जणांचा सोनेरी कडेचा डिनर सेट. चुलत सासरे बोटीवर होते, त्यांनी आणलेला. अकरा वर्षांत त्या कपाटाची किल्ली मी दोनदा पाहिली, दोन्ही वेळा धूळ पुसायला.

नवरा म्हणतो कागदी प्लेटी आणूया, जेवलं की पिशवीत घालून मोकळं. सासूबाई म्हणतात, "सणाच्या दिवशी कागदावर जेवण वाढायचं म्हणजे काय भेळ आहे?" मी मधे. भांडी घासणारी बाई चवथीला येत नाही, तिच्या घरीही गणपती असतो, ते बरोबरच आहे. म्हणजे घासणार कोण, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

तुमच्याकडे काय करता?

म्हापशेकर
नवऱ्याला घासायला लावा. धागा संपला. 😄

अंत्रुजकार
सूनबाई, सातारच्या असूनही विचारलंत हे कौतुक. आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, चवथीला केळीचं पान, दुसरं काही नाही. पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. डावीकडे मीठ, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधे भाताची मूद, वर तोय, म्हणजे पातळ वरण. आधी पानाभोवती पाणी फिरवायचं. हे सगळं कागदाच्या बशीवर करून पाहा, पाण्याने बशीच वाहून जाईल. सण वर्षातून एकदा येतो. दोन तास भांडी घासली म्हणून कोणी झिजत नाही.

डिचोलीची_काकू
अंत्रुजकारबाब, तुम्ही शेवटचं ताट कधी घासलंत, तेवढं सांगा. मग पुढचं बोलू.

हिशेबी_माणूस
आकडे मांडतो. 32 माणसं. प्रत्येकी ताट 1, वाट्या 2, पेला 1, चमचा 1. म्हणजे 160 नग. एका नगाला घासून विसळून 40 सेकंद धरा. 6400 सेकंद, म्हणजे पावणेदोन तासांच्या वर. यात खतखत्याचं म्हणजे मिश्र भाजीचं पातेलं, मणगण्याच्या खिरीचं पातेलं, भाताचा टोप, झारे, पळ्या नाहीत. एकट्या बाईने केलं तर संध्याकाळच्या आरतीला ती मोरीतच. चौघांनी केलं तर अर्ध्या तासाच्या आत.

केळीचं पान घेतलं तर ताटं वजा, 128 नग राहतात. म्हणजे पानाने फक्त पाचवा हिस्सा काम वाचतं. खरं काम वाट्या-पेल्यांचं आहे.

डिचोलीची_काकू
हा मुद्दा लाखातला. पानाचं सगळे कौतुक करतात, पण आपलं चवथीचं जेवण पातळ आहे हो! खतखतं सरसरीत, मुगागाठी रश्शाच्या, तोय पातळ, सोलकढी पातळ, मणगणं तर वाहतंच. पुण्याकडची पुरणपोळी पानावर शहाण्यासारखी पडून राहते. मणगणं पानावर वाढा, ते उतार शोधत सरळ शेजाऱ्याच्या लोणच्यात जातं.

माझ्या दिराच्या घरी पाचेक वर्षांपूर्वी कागदी प्लेटी होत्या. पातळ, पांढऱ्या, स्वस्तातल्या. काकांनी गरम मणगणं वाढून घेतलं, प्लेट एका हाताने उचलली, ती मधोमध दुमडली आणि सगळं पुडव्यावर, म्हणजे धोतरावर. नवं पुडवें. काका काही बोलले नाहीत. आत गेले, बदलून आले, आणि मग पुढची तीन वर्षं तेवढंच बोलले.

दुबईहून_गोंयकार
आम्ही इथे चवथ कागदी प्लेटीतच करतो. फ्लॅटमध्ये पंधरा पोरं, एक सिंक. बाप्पाने अजून तक्रार केलेली नाही. नैवेद्य मात्र स्टीलच्या ताटात केळीचं पान ठेवून दाखवतो, पान सुपरमार्केटात मिळतं, किंमत विचारू नका.

रसायनवाले_सर
काशाच्या ताटांबद्दल सांगतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. दोन्हीत तांबं मुख्य, आणि आंबटाशी तांब्याचं जमत नाही. आमसूल, चिंच, दही, टोमॅटो यांतलं आम्ल तांबं विरघळवतं, पदार्थाला ती कडवट तुरट चव येते. आपल्या आज्या त्याला "कळकलं" म्हणत. म्हणून पितळेच्या भांड्याला आतून कथलाची कल्हई लागते. कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवायचा, त्याचा तो पांढरा धूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल. काशाला रोजच्या जेवणात कल्हई लागत नाही, पण सोलकढी काशाच्या वाटीत ओतून तासभर ठेवू नका. ताटात भात, भाजी, वडे, पातोळ्या चालतील. सोलकढी स्टीलच्या पेल्यात.

पर्वरीची_सून
सर, हे माहीत नव्हतं. गेल्या वर्षी एका पाहुण्यांनी "कढी आज जरा वेगळी लागते" म्हटलं होतं, आणि मी ते कौतुक समजले होते.

म्हापशेकर
😂😂😂

पेडणेकर_भाचा
पत्रावळ कोणी काढलीच नाही अजून? आमच्या पेडण्यात आजी फणसाच्या पानांच्या लावायची. पानं पुसून, एकावर एक गोल मांडून, माडाच्या हिरांच्या तुकड्यांनी टाचायची. द्रोणसुद्धा. खतखत्याला द्रोण, मणगण्याला द्रोण. जेवण झालं की सगळं माडाच्या आळ्यात. काकूंचा पातळाचा प्रश्न आणि हिशेबीसाहेबांचा वाट्यांचा प्रश्न दोन्ही सुटतात. द्रोण गळायचा, हे खरं आहे. पण गळायच्या आत खायचं, अशी शिस्त होती.

आजी गेली, नंतर कोणी लावल्या नाहीत. मला येतात. पण 32 पत्रावळी आणि 64 द्रोण म्हणजे चार रात्री. त्याच रात्री गणपतीवर फळांची माटोळी बांधायची असते, मखर करायचं असतं. आजीला हे सगळं कसं जमायचं ते आता विचारता येत नाही.

नवी_पिढी
सुपारीच्या पानाची ताटं घ्या ना! पोफळीची गळून पडलेली विरी, धुऊन, गरम साच्यात दाबतात. चिकटवायला काही नाही, रंग नाही. घट्ट असतात, दुमडत नाहीत. वाट्यापण मिळतात. आम्ही बारशाला वापरली, फोटोपण छान येतात.

रसायनवाले_सर
चांगली असतात, पण एक नोंद असू द्या. 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने या ताटांवर हरकत घेतली आहे. सुपारीच्या झाडातली अरेकोलीनसारखी द्रव्यं जेवणात उतरू शकतात, असं त्यांचं म्हणणं. वर्षातून एकदा जेवून कोणाला काही होईल असं मी म्हणत नाही. पण "नैसर्गिक म्हणजे निर्धोक" हे समीकरण वर्गात चुकीचं धरतो, इथेही धरेन.

नवी_पिढी
सर, तुम्ही आनंद हिरावून घेण्याचे वेगळे पैसे घेता का?

पंचायतीतला
कचऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण चवथीनंतरचं चित्र आम्हीच बघतो.

थर्मोकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. थर्मोकोलची सजावटसुद्धा. तरी एखाद्या दुकानात मागून काढून देतात, घेऊ नका. कागदी प्लेट मात्र लोकांना फसवते. जिच्यातून रस्सा झिरपत नाही, तिला बहुतेक वेळा आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. ती धड ओल्या कचऱ्यात जात नाही, धड सुक्यात. त्यात खतखतं लागलेलं. कोरडा कचरा म्हणून दिलीत तर बाकीचं सगळं खराब करते. गुरं वासाने येतात आणि प्लेटीसकट खातात.

आणि "पिशवीत घालून मोकळं" म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांना सांगा, सणात कचऱ्याची गाडी आमच्याकडे दोन-तीन दिवस फिरकत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरची दमट हवा. 32 जणांच्या उष्ट्याची पिशवी तीन दिवस पडवीत ठेवून बघा. मोकळं कोण झालं ते वासावरून कळेल.

अंत्रुजकार
बघा, शेवटी सगळे पानावरच येतात.

डिचोलीची_काकू
बाब, माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. पानावर बसून राहिलात.

सासष्टीची_शेजारीण
डिनर सेटबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी. तो सेट बाहेर काढा! आमच्या सासष्टीत जुन्या घरांत चिनी मातीची भांडी हा मोठा विषय. चांदरच्या ब्रागांझा घरात मकावहून आलेली भांडी आजही पाहायला मिळतात. आम्ही राहतो तिथे शेजारी सगळे ख्रिस्ती, त्यांच्याकडे फेस्ताला टेबलावर तीच भांडी. वापरायचीच नसतील तर आणली कशाला?

अंत्रुजकार
बाय, त्याला कारण आहे. धातू घासला, राखेने-चिंचेने उजळला की शुद्ध, असं आपले लोक मानत. मातीचं भांडं उष्टं शोषून घेतं, म्हणून ते एकदा वापरून टाकायचं. चिनी माती ही शेवटी मातीच, म्हणून सोवळ्याच्या पंगतीत ती येत नसे. चहाला चालायची, तीही पुरुषांच्या. जुनी माणसं तिला "पिंगाण" म्हणत.

रसायनवाले_सर
"पिंगाण"वरून आठवलं, मलय भाषेत ताटाला "पिंगन" म्हणतात. शब्दसुद्धा बोटीतून आलेला दिसतो. बाकी झिलई शाबूत असेल तर चिनी माती काहीही शोषत नाही. झिलई गेलेली, तडकलेली बशी शोषते. सोनेरी कड मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात, आणि काथ्याने घासू नका, कड जाते.

सासष्टीची_शेजारीण
विषयांतर होतंय, पण सांगतेच. आमच्याकडे चवथीला शेजारच्या घरी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवायच्या, नाताळला तिकडून कुसवाराची बशी येते, दोदोल, नेवऱ्या, बेबिंका. आलेली बशी रिकामी परत द्यायची नाही हा नियम. त्यामुळे काय होतं, बशी परत द्यायला काहीतरी करायचं असतं, ते राहून जातं, आणि बशी राहते. शेजारच्या आंटीची एक निळ्या फुलांची बशी सात वर्षं आमच्या फळीवर आहे. आमची दोन स्टीलची ताटं तिच्याकडे. आता दोघीही विषय काढत नाही. गेल्या दोन वर्षांपासून ती प्लास्टिकच्या डब्यात पाठवते, "डबा परत नको" म्हणून. मला ते काही बरं वाटलं नाही.

म्हापशेकर
आमच्या घरात जेवढ्या भांड्यांवर आमचं नाव कोरलेलं आहे त्यापेक्षा जास्त भांड्यांवर दुसऱ्यांची नावं आहेत. एका तांब्यावर "कै. रखमाबाईच्या स्मरणार्थ" आहे. रखमाबाई कोण, कोणाला माहीत नाही. रोज तिच्याच तांब्याने पाणी पितो.

डिचोलीची_काकू
बरं, गप्पा झाल्या, आता कामाचं. सूनबाई, मी तीस वर्षं ही पंगत काढते आहे. लिही.

ताटं विकत घेऊ नकोस. गावातल्या देवस्थानाकडे नाहीतर महिला मंडळाकडे स्टीलच्या वाट्या-पेले भाड्याने मिळतात, आजच सांगून ठेव. चवथीच्या आदल्या दिवशी गेलीस तर "कालच नेले" ऐकशील. आणताना मोज, देताना मोज, आणि आपल्या वाट्यांना तळाशी नखांच्या रंगाचा ठिपका लाव, नाहीतर पुढच्या वर्षी तुझ्या वाट्या मंडळाच्या होतात.

केळीची पानं माटोळीच्या बाजारातून नको, तिथे त्या दिवसांत दुप्पट भाव. परसात केळी असतील तर आदल्या संध्याकाळी काप. वाऱ्यापावसाने फाटलेली सोडून दे. धुऊन, पुसून, मागची बाजू गॅसच्या आचेवरून नुसती फिरव, पान मऊ पडतं आणि शिरेवर चिरत नाही. पान स्टीलच्या ताटात ठेवून वाढ, म्हणजे उचलता येतं. ताटाला नुसतं पाणी दाखवलं की झालं.

वाट्या प्रत्येकी दोनच लागतात, खतखत्याला आणि मणगण्याला. तोय भातावर. सोलकढी पेल्यात, आणि पाण्याला वेगळा पेला ठेवू नकोस, मागेल त्याला दे.

मोरीशी दोन मोठे टोप भरून ठेव, उष्टी वाटी तिथे ज्याने त्याने आणून बुडवायची. वाळलेलं मणगणं म्हणजे सिमेंट. पाणी आदल्या दिवशीच भर. ऐन पंचमीला वीज जाते आणि पंप बंद पडतो, हे गणपतीइतकंच नेमाने येतं. काशाच्या ताटांना बिंबलं, ती आंबट फळं, चोळ, आरशासारखी होतात.

आणि घासायला तीन पुरुष. नावं आदल्या रात्री ठरव, सगळ्यांसमोर, पंगतीनंतर नको. पंगतीनंतर पुरुषांना झोप येते.

हिशेबी_माणूस
काकूंच्या पद्धतीने नग 160 वरून 128. उष्टी बुडवून ठेवल्याने वेळ निम्मा. तीन पुरुषांनी अर्धा तासही लागू नये. मात्र पुरुष नवशिके असल्यास माझा 40 सेकंदांचा आकडा मागे घेतो.

अंत्रुजकार
डिचोलीच्या काकूंस, उत्तर द्यायला उशीर झाला कारण घरात विचारावं लागलं. सौ. म्हणाली, "एकदा घासलंत, आणि ते फुटलं." कधी ते तिलाही आठवत नाही. यंदा मोरीशी बसायचं कबूल केलं आहे. धातूचीच भांडी देणार आहेत म्हणे.

डिचोलीची_काकू
बरें जालें. 🙏

पर्वरीची_सून
सगळ्यांना धन्यवाद. गणपती पोचवून आलो, आज सवड मिळाली, म्हणून सांगते.

32 सांगितलेली, 37 आली. मंडळाच्या वाट्या 40 आणल्या होत्या, काकूंच्या दोनच्या हिशेबाने कमी पडल्या, मग मुलांना खतखतं पानावरच वाढलं. काकू, तुमचं खरं, मणगण्याने उतार शोधलाच. सासूबाई आणि मोठी माणसं काशाच्या ताटांत बसली. बिंबलं घासल्यावर ताटं इतकी चमकली की मोठ्या काकांनी "नवी घेतली?" विचारलं. सोलकढी स्टीलच्या पेल्यात. कोणीही "वेगळी लागते" म्हटलं नाही.

घासायला नवरा आणि दोन्ही दीर. नावं आदल्या रात्री आरतीनंतर सासूबाईंनीच जाहीर केली, मला तोंड उघडावं लागलं नाही. वीज गेली. पाणी भरलेलं होतं. पाऊण तास लागला. त्यातली दहा मिनिटं कुठला काथ्या कशाला यावर वाद. नवऱ्याने पुढच्या वर्षी पाहुणे कमी बोलवायचा प्रस्ताव मांडला आहे. कागदी प्लेटीचं नाव काढलं नाही, कारण पंचायतीतल्या भाऊंचा प्रतिसाद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला होता.

आता डिनर सेट. पाच माणसं जास्त आली म्हणून सासूबाईंनी स्वतःहून किल्ली दिली, "पोरांना त्यात नेवऱ्या दे" म्हणाल्या. कपाट उघडून मोजल्या, तर लहान बशा 24 नाहीत, 19. मी घाबरले, धूळ पुसताना माझ्या हातून गेल्या की काय. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पानं पुसत राहिल्या.

संध्याकाळी समोरच्या घरातली मारियाआंटी गणपती बघायला आली. हातात बशी, वर रुमाल, आत तिने केलेला रव्याचा केक. रुमाल काढला तर सोनेरी कड! म्हणजे न वापरलेला सेट मी लग्न होऊन यायच्या आधीपासून वाड्यात फिरतो आहे, नेवऱ्या घालून. उरलेल्या चार कुठल्या कुठल्या घरी आहेत ते सासूबाईंना तोंडपाठ आहे, पण सांगायला तयार नाहीत.

तर आता प्रश्न असा: बशी आमचीच आहे, पण ती केक घालून आली आहे. ठेवून घ्यायची, की नेवऱ्या भरून परत पाठवायची?

सासष्टीची_शेजारीण
भरून पाठवा. अर्थात!

अंत्रुजकार
ठेवून घ्यावी. सेट पुरा करावा.

हिशेबी_माणूस
पाठवलीत तर 19, ठेवलीत तर 20. आंटीच्या रव्याच्या केकची किंमत धरली तर पाठवणं फायद्याचं.

म्हापशेकर
नवीन धागा काढा, इथे जागा पुरणार नाही.